एसएमपीएसचं लेबल वाचा आधी!

सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात ओतायचं आणि उरलेल्या दीड हजारात एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, उचलायचा, हे कधी थांबणार? डब्यावर ५०० वॅट छापलंय म्हणून १२ व्होल्टच्या लाइनवर तेवढे मिळतात का? बाजूचं लेबल वाचा ना! तिथे १२ व्होल्टला २५ अँपिअर लिहिलं असेल तर हिशोब ३०० वॅटचाच. कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही त्याच लाइनवर जगतात. मग ऐन गेममध्ये पीसी धाडकन बंद पडतो आणि शिव्या बसतात कार्डाला!

मॉनिटरचंही तेच. १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घ्यायचा आणि विंडोजमध्ये ६० वरच सोडून द्यायचा. तो आकडा बदलायला असा कितीसा वेळ लागतो? मॉनिटरची केबल तर कार्डाऐवजी थेट मदरबोर्डात खुपसलेली! मग एवढं महागाचं कार्ड घेतलं कशाला?

आणि रॅमची ३२ जीबीची एकच पट्टी का? १६-१६ च्या दोन घ्या, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमला छापील वेगाने पळवणारी सेटिंग चालू करा. नाहीतर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम सहसा ४८०० वरच रखडते.