नवं मशीन म्हणजे मुतखडा गेलाच?

मुतखड्यावरचा एक मेसेज इतक्या जणांनी पुढे ढकललाय की आता तो पाठ झालाय. सांगतो तो हे: ‘लेझरचं नवं मशीन असेल तिथेच जा, यश ९८ टक्के. खडा कितीही मोठा असो, कुठेही असो, फरक पडत नाही. लघवीचं कल्चर आणि स्टेंट हे बिल फुगवायचे प्रकार. एकदा खडा निघाला की विषय संपला, फक्त दूध बंद करा.’ (कल्चर म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघायची तपासणी. स्टेंट म्हणजे लघवी तुंबू नये म्हणून मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनी ते मूत्राशय या वाटेत, ठेवलेली बारीक नळी.)

आधी ते ९८ टक्के. किडनी साफ झाली हे ठरवलं कशावरून, त्यावर हा आकडा नाचतो. ऑपरेशन संपताना लघवीच्या मार्गाने आत घातलेल्या दुर्बिणीतून दिसलं त्यावर विसंबलं तर यश भरघोस, आणि महिन्याभराने सीटी स्कॅन काढला तर बरंच कमी. एक्सरेला न दिसलेले कण सीटीला सापडतात. यूरिक ॲसिडचा खडा तर साध्या एक्सरेत दिसतच नाही. शिवाय ४ मिलिमीटरपर्यंतचे तुकडे मागे राहिले तरी ते यशातच मोजायची पद्धत बरीच वर्षं चालत आली. हेच तुकडे पुढे वाढतात, नाहीतर मूत्रवाहिनीत उतरून अडकतात. कोणती तपासणी आणि किती दिवसांनी, हे सांगितलं नसेल तर टक्केवारी निव्वळ जाहिरात.

‘कितीही मोठा, कुठेही’ हे तर सगळ्यात चुकीचं. मूत्रवाहिनीतला ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा साधारण तिघांपैकी दोघांत आपला आपण पडतो, तिथे बहुतेकदा मशीनच लागत नाही. उलट किडनीतला खडा २ सेंटीमीटरच्या पुढे गेला की पाठीतून छोटं छिद्र पाडून करायची पीसीएनएल हीच सहसा पहिली निवड. तोच खडा लवचिक दुर्बीण आणि लेझरने काढायचा म्हटलं तर एका बैठकीत भागेलच असं नाही. बाहेरून धक्के देऊन खडा फोडायची लिथोट्रिप्सी १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर झाली. चिरा नाही, टाके नाहीत, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. पण खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर तो फुटतो आणि चुरा तिथेच बसतो, कारण बाहेर पडायला त्याला चढ चढावा लागतो. सीटीवर खड्याची घनता १००० हाउन्सफील्डच्या (हे घनतेचं माप) वर असेल, खडा कातडीपासून १० सेंटीमीटरहून खोल असेल किंवा सिस्टीन नावाच्या अमिनो ॲसिडचा असेल, तरी लिथोट्रिप्सीचं यश घटतं. आणि मशीनवाल्यांसाठी एक गंमत: त्याच मशीनवर मिनिटाला १२० ऐवजी ६० धक्के दिले तर खडा जास्त चांगला फुटतो. वेळ तेवढा दुप्पट जातो.

कल्चर हा बिल फुगवायचा प्रकार मुळीच नाही. दुर्बिणीने काम चालू असताना किडनीत सतत पाणी सोडावं लागतं. आतला दाब वाढला की लघवीतले जंतू थेट रक्तात ढकलले जातात आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जीवघेणा संसर्ग, होऊ शकतो. मधुमेह, आधीपासून बसलेला स्टेंट, लांबलेलं ऑपरेशन, यांनी हा धोका आणखी वाढतो. जंतू आधी कळले तर योग्य ते अँटिबायोटिक आधीच सुरू करता येतं. कल्चर स्वच्छ आलं तरी खड्याच्या पोटात जंतू असू शकतात, त्यामुळे नंतर थंडी वाजून ताप आला तर घरी वाट पाहत बसू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही आधीच सांगायचं. त्या चालू असताना लिथोट्रिप्सी किंवा पीसीएनएल करत नाहीत, दुर्बिणीचा मार्ग मात्र उरतो.

स्टेंटबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीने काही गुंतागुंत न होता निघाला तर प्रत्येकाला स्टेंट घालायलाच हवा असं नाही, आणि तसं विचारायचा पेशंटला पूर्ण हक्क आहे. जळजळ, सारखी लघवीची घाई, लघवी करताना कमरेत कळ, हे त्रासही खरे. पण आत इजा झाली असेल, सूज असेल, संसर्ग असेल किंवा एकच किडनी असेल तर स्टेंटशिवाय लघवी तुंबते. खरी भीती विसरलेल्या स्टेंटची. तो महिनोन्महिने राहिला की त्यावर क्षार चढतात आणि काढायलाच वेगळं ऑपरेशन लागू शकतं. घरी जाताना काढायची तारीख कागदावर लिहून घ्या.

उरलं ‘विषय संपला’. खडा काढल्याने खडा होण्याची प्रवृत्ती जात नाही. सुमारे निम्म्या लोकांत दहा वर्षांत नवा खडा होतो. १९९६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी पाच वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. दिवसाला निदान २ लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत १२ टक्के लोकांना परत खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्के लोकांना. दूध बंद करण्याचं उत्तरही याच मंडळींनी २००२ साली दिलं. वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे पुरुष घेतले, काहींना कमी कॅल्शियमचा आहार दिला, काहींचं कॅल्शियम नेहमीइतकंच ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केला. ऑक्झलेट हा अन्नातून येणारा, कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा घटक. कॅल्शियम आतड्यातच त्याला धरून ठेवतं. आहारातलं कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. पाच वर्षांनी कमी कॅल्शियमवाल्यांत सुमारे ३८ टक्के लोकांना पुन्हा खडा झालेला होता, दुसऱ्या गटात २० टक्के लोकांना.