आयपीची सुरुवात जुळली म्हणून तो सबनेटमध्ये बसत नाही

दावा थोडक्यात असा. एखादा आयपी पत्ता (नेटवर्कवरच्या मशीनचा आकडी पत्ता) सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एका सलग पट्ट्यात, आहे का, हे तपासायला लायब्ररी लागत नाही. पत्त्याची सुरुवात स्ट्रिंग म्हणून, म्हणजे निव्वळ अक्षरं म्हणून, जुळवा. नाही जमलं तर पहिला आणि शेवटचा पत्ता घेऊन 'यांच्या मधे येतो का' ते बघा. फारच अडलं तर चार ओळींचं बिटगणित आहेच, ते कुठल्याही भाषेत सारखंच. आतल्या नेटवर्कला आयपीव्ही६चा (पत्त्यांच्या नव्या, लांब आवृत्तीचा) विचार नको, आणि लायब्ररी हळू असते. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा सल्ला इतका फिरतो.

'सुरुवात जुळवली की झालं.' हे /८, /१६ आणि /२४ या तीन प्रीफिक्सांपुरतं चालतं, तेही शेवटचं टिंब धरलं तर. ('/' पुढचा आकडा म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत ते; टिंबांमधला प्रत्येक आकडा आठ बिटांचा.) १०.१.०.०/१६ साठी '१०.१' ने सुरू होणारी स्ट्रिंग शोधली, तर १०.१०.०.७, १०.१००.३.२ आणि १०.१९९.०.१ हे सगळे आत येतात. '१०.१.' असं लिहिलं की हे भगदाड बुजतं. पण सबनेट टिंबावरच संपेल याची हमी कोण देणार? १९९३ साली सीआयडीआर, म्हणजे सबनेट कुठल्याही बिटावर तोडायची पद्धत, आली तीच मुळी ए-बी-सी वर्गांची (म्हणजे फक्त /८, /१६, /२४ ची) चौकट मोडायला. १७२.१६.०.०/१२ हा खासगी पट्टा १७२.३१.२५५.२५५ पर्यंत जातो. '१७२.' पकडलं तर १७२.२१७ ने सुरू होणारे गूगलचे सार्वजनिक पत्तेही 'आतले' ठरतात. '१७२.१६.' पकडलं तर पट्ट्याच्या सोळापैकी पंधरा भाग सुटतात, आणि त्यात डॉकरचं (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाचं) नेहमीचं १७२.१७.०.०/१६ येतं. इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेसाठी) राखलेल्या १००.६४.०.०/१० ला तर ६४ वेगवेगळ्या सुरुवाती लिहाव्या लागतील.

'मधे येतो का ते बघा.' आकडे म्हणून बघितलं तर बरोबर आहे. स्ट्रिंग म्हणून बघितलं तर '१९२.१६८.१.९' हा '१९२.१६८.१.१००' पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना अक्षरागणिक होते. १९२.१६८.१.६४/२६ घ्या. हा पट्टा .६४ ते .१२७. स्ट्रिंगच्या हिशेबात ६४ हा १२७ च्या पुढे, म्हणजे सुरुवात शेवटापेक्षा मोठी. अशा अटीत एकही पत्ता बसत नाही, आणि प्रोग्राम कुठलीही त्रुटी दाखवत नाही. डेटाबेसमध्ये पत्ते साध्या मजकुराच्या स्तंभात ठेवून केलेल्या चौकशीतही हेच होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यासाठी 'आयनेट' हा प्रकार आणि <<= हे चिन्ह आहे, ते वापरावं.

'बिटगणित सगळीकडे सारखंच.' मास्क म्हणजे ठरलेल्या बिटांच्या जागी १ आणि बाकी ०; & हे चिन्ह दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवतं. सूत्र सारखं आहे: (पत्ता & मास्क) == (नेटवर्क & मास्क). १७२.२०.५.९ चा दुसरा आकडा २०, मास्कचा २४०; & केल्यावर १६ उरतो, म्हणून तो /१२ मध्ये बसतो. ३२ घेतला तर ३२च उरतो, म्हणून १७२.३२ बाहेर. मास्क दोन्ही बाजूंना लावायचा. सेटिंगमध्ये कोणी १९२.१६८.१.५/२४ असं लिहिलेलं असतं, आणि नेटवर्कच्या बाजूला मास्क लावला नाही तर काहीच जुळत नाही. पायथॉनचं आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल अशी नोंद मुळातच नाकारतं. 'स्ट्रिक्ट' बंद केलं तरच घेतं. ते बंद करू नये असं आमचं मत. लिहिणाऱ्याला कदाचित /३२ म्हणायचं असेल, आणि तुम्ही २५६ पत्त्यांना दार उघडून द्याल.

सूत्र सारखं असलं तरी त्याखालचे पूर्णांक सारखे नसतात. जावास्क्रिप्टमध्ये बिटक्रिया ३२ बिटांच्या चिन्हयुक्त (उणेही होऊ शकणाऱ्या) संख्येवर चालतात, त्यामुळे १९२ << २४ चं उत्तर -१०७३७४१८२४ येतं. एका बाजूचा आकडा गुणाकाराने काढला आणि दुसऱ्या बाजूचा & ने, तर एकच पत्ता स्वतःशीही जुळणार नाही; दोन्हीकडे >>> ० लावावं, म्हणजे आकडा पुन्हा धन होतो. जावात बाइट चिन्हयुक्त असतो, १९२ चा -६४ होतो, म्हणून आधी & २५५. सी भाषेत इनेट_पीटॉन या फंक्शनकडून मिळणारा पत्ता नेटवर्कच्या बाइटक्रमात (मोठा बाइट आधी) असतो, आणि मास्क तुम्ही मशीनच्या क्रमात (बहुधा उलट) बनवलेला असतो; दोन्ही आधी एकाच क्रमात आणावे लागतात.

सगळ्यात फसवं प्रकरण /० चं. त्याचा मास्क बनवायला सगळे बिट १ असलेली संख्या ३२ घरं डावीकडे सरकवायची. जावा आणि जावास्क्रिप्ट ३२ बिटांच्या संख्येसाठी सरकवण्याच्या आकड्याचे शेवटचे पाचच बिट बघतात, म्हणजे ३२ चा शून्य होतो. मास्क पूर्ण एकांचा राहतो, आणि सगळ्यांना सामावणारं ०.०.०.०/० फक्त ०.०.०.० ला ओळखतं. सीमध्ये हे वर्तन अपरिभाषित आहे. गो या भाषेत मात्र शून्य येतो, म्हणजे तिथे चाललेला कोड जावात जसाच्या तसा उतरवला की मोडतो.

या सल्ल्यात पत्ता वाचण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. तुलना हा सोपा भाग. टिंबांवर तोडून प्रत्येक तुकड्याचा आकडा करणं दिसतं तितकं साधं नाही. जावास्क्रिप्टचं 'नंबर' रिकाम्या स्ट्रिंगला शून्य मानतं, म्हणजे १०..०.५ चालून जातो. पायथॉनचं 'इंट' आजूबाजूच्या मोकळ्या जागा, अधिक चिन्ह, आकड्यांमधली अधोरेषा हे सगळं स्वीकारतं, आणि देवनागरी अंकही. या लेखात छापलेला १०.०.०.५ तसाच चिकटवला तरी ते बिनतक्रार घेईल. आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूल घेणार नाही.

आकड्याआधीचं शून्य त्याहून घातक. सीमधल्या जुन्या इनेट_एटॉनच्या लेखी ०१७७.०.०.१ मधला पहिला आकडा अष्टमान (आठच्या पायातला), अर्थात पत्ता १२७.०.०.१. तुमच्या तपासणीने तो १७७.०.०.१ असा वाचला तर 'सार्वजनिक पत्ता आहे, जाऊ द्या', आणि पुढची जोडणी जाते थेट स्वतःच्याच मशीनवर. यात लायब्ऱ्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. २०२१ मध्ये एनपीएमचं (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यातलं) नेटमास्क, पायथॉनचं आयपीअ‍ॅड्रेस आणि गोचं नेट या तिन्हींमध्ये याच जातीची चूक सापडली. पायथॉन ३.९.५ आणि गो १.१७ पासून असे पत्ते नाकारले जातात. हातच्या चार ओळींना मात्र अशी दुरुस्ती कुठून येणार? शिवाय एक पथ्य पाळावं: तपासून झाल्यावर मूळ स्ट्रिंग फेकून द्यायची आणि वाचून तयार झालेल्या पत्त्यावरच जोडणी करायची.

'आतल्या नेटवर्कला आयपीव्ही६ नको.' तुम्हाला नको असेल. सर्व्हर दोन्ही आवृत्त्या एकाच सॉकेटवर ऐकत असेल, तर आयपीव्ही४चा पाहुणा ::एफएफएफएफ:१०.०.०.५ अशा वेषात येतो. पायथॉनमध्ये तो १०.०.०.०/८ मध्ये आहे का विचारलं तर शांतपणे 'नाही' मिळतं. गोच्या नव्या नेटआयपी पॅकेजमध्येही तसंच. तिथे आधी 'अनमॅप' करावं लागतं, पायथॉनमध्ये 'आयपीव्ही४_मॅप्ड' बघावं लागतं. परवानगीच्या यादीत ही चूक लगेच कळते, कारण आपलीच माणसं अडकतात. बंदीच्या यादीत कोणीच तक्रार करत नाही. नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) यासाठी नेट मॉड्यूलचं ब्लॉकलिस्ट आहे, तेही बघावं.

'लायब्ररी हळू.' प्रत्येक विनंतीला सबनेटची स्ट्रिंग नव्याने वाचली तर हळूच होणार. सबनेट सुरुवातीलाच एकदा वाचून ठेवा. हजारो पट्टे असतील तर ते आधी एकत्र करून घ्या (पायथॉनमध्ये 'कोलॅप्स_अ‍ॅड्रेसेस'), क्रम लावा आणि द्विभाजन शोध (दर पायरीला यादी अर्धी करत जाणारा) करा.

तरीही स्वतःच लिहायचं असेल, तर १०.०.१६.०/२० वर एवढं चालवून बघा. १०.०.१५.२५५ बाहेर, १०.०.१६.० आत, १०.०.३१.२५५ आत, १०.०.३२.० बाहेर. मग त्यातलाच एक पत्ता ::एफएफएफएफ: लावून, एक आकड्याआधी शून्य घालून, एक तीनच तुकड्यांचा, एक २५६ असलेला. आणि सबनेट म्हणून एकदा /०, एकदा /३२.