वेगळी चूल, सामाईक बांध : ब्रेक्झिटवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'एक पुणेकर',

ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे ब्रिटननं २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं त्यावरच्या, माझ्या पोस्टखाली तुमची कॉमेंट वाचली; त्या निकालाला मी पोस्टमध्ये 'मूर्खांचा कौल' म्हणलं होतं. आधी डोकं तापलं, मग चहा करून परत वाचली तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टींत तुमचं बरोबर आहे, म्हणून एका ओळीत कटवत नाही, नीट लिहितो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: लीव्हवाल्यांना, म्हणजे बाहेर पडायला मत देणाऱ्यांना, मूर्ख म्हणणं हा माझा शिष्टपणा, एकत्र कुटुंबात जाच होत असेल तर एका भावानं वेगळी चूल मांडली यात गैर काय, युरोपवाल्यांची मोकळी ये-जा बंद झाली म्हणूनच आपल्या पोरांना व्हिसे मिळाले, ब्रिटनला आपले मासे परत मिळाले, आणि शेवटी, "तुम्ही भारतीय माणूस, तुमचं काय जळतंय? मत कुणाला दिलंत तेवढं सांगा की."

पहिलं आधी. 'मूर्खांचा कौल' हे शब्द मागे घेतो. १ कोटी ७४ लाख माणसं मूर्ख नसतात, आणि ७२ टक्के मतदान झालेलं असताना ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल लागला तर तो निकालच असतो. लिंकनशायरमधलं बॉस्टन घ्या, तिथं ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. आजूबाजूला सगळी कोबी-फ्लॉवरची शेती, छोटं गाव, आणि २००४ साली पूर्व युरोपातले देश संघात आल्यावर काही वर्षांत गावाचा चेहराच बदलला. तिथल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नंबर लागत नाही, पोराला भाड्यानं घर मिळत नाही, तो चिडणारच की. पण यातली गंमत ऐका. त्या वेळी जर्मनी, फ्रान्ससकट बहुतेक जुन्या सदस्यांनी कामगारांसाठी दार लगेच उघडलं नव्हतं, सात वर्षांपर्यंत कडी लावून ठेवायची मुभा होती. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं मात्र पहिल्या दिवशीच उघडलं, आणि ब्रिटिश सरकारनं करून घेतलेल्या अभ्यासात अंदाज काय होता, तर वर्षाला ५ ते १३ हजार माणसं. आली त्याच्या कितीतरी पट. म्हणजे म्हाताऱ्याचा राग खरा, पण दार उघडलं होतं लंडननं आणि शिव्या खाल्ल्या ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघानं.

सार्वभौमत्वाचा मुद्दाही हसण्यावारी न्यायचा नाही, हे मान्य. आपले कायदे लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या कोर्टानं का तपासावेत, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो फक्त उजव्यांचा नव्हता. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी आत राहायचं म्हणलं तेव्हा बाहेर पडा म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांत लेबरचा टोनी बेन पुढे होता, पक्का डावा माणूस. लीव्हच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेल्या, संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात या दाव्याबद्दल मात्र माझा सूर तसाच राहील. पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ ला भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट त्यात वजाच केलेली नव्हती, सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं प्रचार चालू असतानाच हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं सांगितलं होतं, तरी बस फिरतच होती.

आता तुमची चूल. उपमा तुम्हीच दिलीत म्हणून त्यातच बोलतो. आमच्या गावाकडं वाटण्या झालेल्या मी लहानपणी बघितल्यात. भांडण कितीही पेटलेलं असू दे, "मला वेगळं व्हायचंय" एवढ्यावर कुणी अंगठा उठवत नाही. विहीर कुणाची, मोटरची पाळी कुणाला कधी, वरच्या वावरात जायची वाट कुणाच्या रानातून, बांधावरचा आंबा कुणाचा, हे सगळं चार माणसांत बसून आधी कागदावर येतं, आणि तरीही पुढची वीस वर्षं कोर्टात जातात. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता, इंग्रजीत मोजून सोळा शब्दांचा, राहायचं की जायचं, आणि खाली दोन चौकोन. जायचं तर कुठं, यावर चकार शब्द नाही. नॉर्वेसारखं युरोपच्या सामाईक बाजारात राहून? कॅनडासारखा करार करून? कस्टम्स युनियन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरची सामाईक जकात, ठेवून का सोडून? लीव्हच्या प्रचारात ज्याला जे हवं ते त्यानं ऐकलं. मच्छीमाराला मासे, बॉस्टनवाल्याला बंद दार, लंडनच्या आर्थिक पेठेतल्या फंडवाल्याला कमी नियम. मूळ पोस्टमध्ये मला खरं तर एवढंच म्हणायचं होतं आणि मी ते शिवीगाळ करून वाया घालवलं.

पुढं काय झालं बघा. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार जानेवारी २०१९ ला संसदेत २३० मतांनी पडला. मग २७ मार्चला खासदार म्हणाले आम्हीच ठरवतो, आठ पर्याय मांडले, आठही पडले. पाच दिवसांनी परत चार मांडले, तेही सगळे पडले, कस्टम्स युनियनचा तर २७३ विरुद्ध २७६, तीन मतांनी. मी त्या रात्री लॅपटॉपवर लाइव्ह बघत बसलो होतो आणि बायको म्हणाली, सोसायटीची मीटिंग बरी. 'नको'ला देशभर बहुमत होतं, 'हे हवं' म्हणायला गेलं की कशालाच नाही.

आणि बांध! आयर्लंडचा बांध प्रचारात कितीजणांना आठवला होता? ब्रिटनचा उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, तिच्यावरून जाणारे २०० हून जास्त रस्ते, आणि तीस वर्षांचा रक्तपात थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथलं लष्करी नाकं हळूहळू उठत गेलं ते इतकं की आज गाडी चालवताना सीमा ओलांडल्याचं कळतं ते फक्त मैलाच्या जागी किलोमीटरच्या पाट्या दिसल्या म्हणून. एका बाजूला युरोपचा बाजार, दुसऱ्या बाजूला युरोपबाहेरचा, म्हणजे मालाची तपासणी कुठंतरी व्हायलाच हवी. जमिनीवर केली तर तीस वर्षं ज्याच्यासाठी माणसं मेली ते परत उकरून काढायचं. मग काय केलं, बांध उचलला आणि समुद्रात नेऊन ठेवला, आता ब्रिटनचाच माल ब्रिटनच्याच, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाताना कागद दाखवतो. ब्रिटन आणि संघातल्या २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्क करारानं त्याला ग्रीन लेन (तिथंच राहणारा माल, कमी कागद) आणि रेड लेन (पुढं संघात जाऊ शकणारा माल, पूर्ण तपासणी) काढून दिल्या, जरा सुसह्य झालं, पण बांध आहे तिथंच आहे. आणि तुमच्या त्या 'मासे परत मिळाले' वाक्यापुरतं सांगतो, २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८ पर्यंत परवानगी वाढवून दिलीय.

व्हिसाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, शंभर टक्के. जानेवारी २०२१ पासून पगार, इंग्रजी वगैरेंचे गुण मोजून व्हिसा द्यायची पॉइंट्सची नवी पद्धत आली, जुलैत विद्यार्थ्यांना शिकून झाल्यावर दोन वर्षं राहायची सोय परत मिळाली, आणि आपली पोरं धडाधड आली. २०१५-१६ च्या आसपास येणारे वजा जाणारे असा आकडा ३ लाखांच्या वर गेला म्हणून केवढी बोंब होती, तो २०२३ पर्यंत ९ लाखांच्या वर गेला आणि त्यात सगळ्यात मोठा गट आपला. पण ज्यांनी माणसं कमी व्हावीत म्हणून मत दिलं होतं त्यांना हे दिसत नाही का? पोलिश प्लंबरवरचा राग आता आपल्यावर आलाय. २०२४ च्या जानेवारीपासून बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको आणता येत नाही, एप्रिलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० वर नेली. माझ्या टीममधला नागपूरचा मुलगा त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर काढून बसायचा. दार आपल्यासाठी उघडलं म्हणून खूश व्हायचं असेल तर व्हा, फक्त कडी कुणाच्या हातात आहे ते बघून व्हा.

माझं काय जळतंय? निकालाच्या, २४ जूनच्या सकाळी पौंड डॉलरसमोर १९८५ नंतरच्या तळाला गेला आणि माझा पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता इथून जायचा, तो जळला, हे एक. दुसरं जरा लांबचं आहे.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या स्विंडनला होतो. तिथं गोव्याची माणसं भरपूर, बरेचसे पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, कारण १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल नागरिकत्व देतं. आमचा शेजारी त्यातलाच, सासष्टीचा, वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करायचा. आता कायदा असा की सार्वमतात राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत, म्हणजे भारतीय पासपोर्टवर दोन वर्षांपूर्वी आलेल्या मला मत, आणि बारा वर्षं तिथं टॅक्स भरणारा हा युरोपियन नागरिक म्हणून त्याला नाही. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं तो बाहेर आणि मी आत. "तुका मत आसा, म्हाका ना," तो हसत म्हणायचा. पुढं जून २०२१ च्या मुदतीआधी त्यानं सेटल्ड स्टेटस, म्हणजे युरोपियनांना ब्रिटनमध्ये कायम राहायचा हक्क, घेतलं, ते नुसतं ऑनलाइन, हातात कार्ड नाही, तर यानं ईमेलची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली. सरकार ती प्रिंट पुरावा म्हणून धरत नाही हे मी दोनदा सांगितलं. कपाटात पासपोर्टाखाली अजून ठेवलीय.

राहिलं मत. संध्याकाळी गाडीतून त्यानंच सोडलं मला केंद्रावर, रात्रपाळीला जाता जाता. शाळेचा हॉल, दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलीची खूण खोडतात म्हणून पेन घेऊन जा, असले मेसेज दिवसभर फिरत होते, माझ्या पुढच्या आजींनी खरंच पर्समधून पेन काढलं. आणि आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो, चौकोनासमोर उभा असताना माझ्या डोक्यात तुमचाच मुद्दा आला होता. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल लीव्हच्या प्रचारात सांगत होत्या की युरोपवाले थांबले की आपल्याकडच्या माणसांना वाट मिळेल, आणि माझ्या मेव्हण्याचा व्हिसा तेव्हा दोनदा नाकारला गेला होता. मिनिटभर तरी पेन्सिल हवेतच होती.

रिमेनवर, म्हणजे संघात राहण्यावर, फुली मारली. बाहेर आलो तर हा इंजिन चालू ठेवून थांबलेला, शिफ्टला उशीर झाला होता त्याला.