हेही वाचा

नाशकात न्यूज पोर्टल काढायचं मनात घेतलंय ना? झकास. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, तेव्हा तयारी असलेली बरी. साथीत गरीब-श्रीमंतीची बातमी करावीच लागते, वाचकाला अधूनमधून हळहळायला आवडतं. ती कशी करायची याची वहिवाट 2020 च्या कोरोनातच पडलीय. तुम्ही नुसतं गिरवायचं.

आधी फोटो. त्या एप्रिल-मेमध्ये भिवंडी-कल्याणची माणसं कसारा घाट चढून इगतपुरी, विल्होळी करत नाशकातल्या द्वारका चौकावरून धुळ्याकडे चालत होती. मुंबई-आग्रा महामार्ग आपल्या दारातून जातो, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गावाला आहे? डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, तुटक्या चपलेला बांधलेली चिंधी, एवढं फ्रेममध्ये आलं की झालं. फक्त त्या माणसाशी फार बोलत बसू नका. तो मार्चच्या बुडालेल्या मजुरीवर येईल, मग ठेकेदाराचं नाव घेईल, ठेकेदार कंपनीचं घेईल, आणि त्या कंपनीची जाहिरात नेमकी आपल्याच पानाच्या डोक्यावर लुकलुकत असेल. त्यापेक्षा 'पायी निघालेला मजूर' पुरे. ड्रोन मिळाला तर दुधात साखर. वरून माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि मुंग्यांची मजुरी कोणी विचारत नाही.

सरकारी बाजूही घ्यायची असते. 31 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयात केंद्रातर्फे सांगण्यात आलं की सकाळी 11 वाजता रस्त्यावर एकही स्थलांतरित मजूर नाही. ही बातमी आणि महामार्गावरचा फोटो एकाच दिवशी हाती आला तर गडबडून जाऊ नका. दोन लिंक करा. दुप्पट क्लिक.

आणि हेच खरं मर्म आहे, लिहून ठेवा: गरिबाची बातमी आणि श्रीमंताची बातमी कधीही एका पंगतीला बसवायची नाही. पंक्तिप्रपंच पाळायचा. गरिबाच्या पानात भावना वाढायच्या, श्रीमंताच्या पानात आकडे. तशी ताटंही तयारच असतात. टाळेबंदीत किती मजूर वारले, असं सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत विचारलं तेव्हा उत्तर आलं की तशी माहितीच ठेवलेली नाही, म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच महिन्यात हुरुन या संस्थेची श्रीमंतांची यादी आली आणि कळलं की टाळेबंदीपासून मुकेश अंबानींच्या संपत्तीत तासाला 90 कोटी रुपयांची भर पडत होती. तासाचा हिशेब आहे बघा! मेलेल्यांचा वर्षाचाही नाही. अर्थात असं शेजारी शेजारी ठेवायचं नाही, मी आपलं तुम्हाला म्हणून सांगितलं. पोर्टलवर 90 कोटींची बातमी 'जाणून घ्या यशाचं रहस्य' अशी चालवा.

कधी कधी विषमतेवर अहवाल काढणाऱ्या ऑक्सफॅम संस्थेसारखी आगाऊ मंडळी दोन्ही ताटं एकत्र मांडतात. जानेवारी 2021 च्या अहवालात त्यांनी भारतीय अब्जाधीशांची संपत्ती टाळेबंदीत 35 टक्के वाढली असं म्हटलं, आणि एप्रिल 2020 मध्ये दर तासाला 1 लाख 70 हजार नोकऱ्या जात होत्या, असंही म्हटलं. हा अहवाल एक दिवस चालवा, लाल-हिरव्या बाणांसह. त्याच महिन्यात सेन्सेक्स पहिल्यांदा 50 हजारांवर गेला होता. तो आठवडाभर चालवा.

मधल्या काळात प्रेरणा लागते. एक पंधरा वर्षांची मुलगी जखमी वडिलांना सायकलवर मागे बसवून गुरुग्रामहून दरभंग्याला गेली, सुमारे 1200 किलोमीटर. 'जिद्दीला सलाम!' बाराशे किलोमीटरमध्ये तिला एखादी बस का मिळाली नाही, हे विचारून वाचकाच्या डोळ्यांतलं पाणी आटवू नका. सुरगाणा-पेठेकडे ऑनलाइन शाळेसाठी टेकडीवर रेंज शोधणारं पोर सापडलं तर तेही याच सदरात.

मालेगाव मात्र या सदरात घ्यायचं नाही. तिथे यंत्रमाग थांबला की मजुरी थांबते, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं 'अंतर राखा' ऐकत बसतात. पण तुम्ही 'हॉटस्पॉट' लिहा आणि नकाशा लाल करा. बाकीचं वाचक कमेंटमध्ये स्वतःच भरतात.

शेवट गोड हवा. नाशिकरोडहून मजुरांची भोपाळ गाडी सुटली ती 1 मेच्या रात्री, टाळेबंदीच्या 38व्या दिवशी. त्यात कामगार दिन! 'अखेर घराकडे' असा मथळा द्या आणि विषय मिटवा. खाली 'हेही वाचा'मध्ये घरच्या घरी डालगोना कॉफी आणि गंगापूर रोडवरचे थ्री बीएचके.

राहता राहिला आपला फोटोग्राफर. तो विल्होळीला स्वतःच्या पेट्रोलवर जातो, पैसे फोटोमागे, आणि त्याचे मार्चचे अजून निघालेले नाहीत. द्वारकेच्या त्या फोटोत खालच्या कोपऱ्यात, चालणाऱ्यांच्या सावल्यांत त्याचीही सावली आलीय. तेवढी कापून घ्या.