बारीक दळलं की काँक्रीट लवकर घट्ट? अर्धंच खरं

एक मेसेज फिरतोय: ‘कारखान्यातला कुठलाही टाकाऊ माल पिठासारखा दळा, निम्म्या सिमेंटऐवजी घाला. काँक्रीट एका रात्रीत कडक, पाणी मारायचीही गरज नाही.’ बारीकपणाने फरक पडतो, एवढंच यात खरं.

‘कुठलाही माल’? लोखंडाच्या एकाच भट्टीतला स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना निघणारा मळ, घ्या. वितळलेला असताना पाण्याने झटकन थंड केला तर त्याची काचेसारखी रेती होते. ती दळली की सिमेंटसारखं काम करते. तोच स्लॅग उघड्यावर सावकाश निवला तर स्फटिक बनून दगड होतो. खडी म्हणून उत्तम, पण कितीही दळा, सिमेंट होणार नाही.

‘एका रात्रीत’ तर नाहीच. फ्लाय अ‍ॅश म्हणजे वीजकेंद्रात कोळसा जळून उरणारी बारीक राख. तिच्यातल्या सिलिकाला (वाळूतही असतो तो घटक) चुना लागतो आणि तो सिमेंट पाण्याशी मुरताना सुटतो. म्हणजे आधी सिमेंट, मग राख. म्हणून असं काँक्रीट सुरुवातीला मागे राहतं आणि त्याची ताकद २८ ऐवजी ५६ किंवा ९० दिवसांनी तपासायची पद्धत आहे. दळल्याने हा उशीर घटतो, संपत नाही. मग थोडाफार वेग येतो तो कशाने? बारीक कणांवर सिमेंटच्या जेलला (सिमेंट-पाण्यातून बनणाऱ्या चिकट पदार्थाला) धरायला जागा मिळते. साध्या चुनखडीच्या भुकटीनेही हे होतं. पण मुरतं सिमेंटच, आणि मेसेज नेमकं तेच निम्मं काढायला सांगतो! खरोखर चपळ आहे ती सिलिका फ्यूम, कण साधारण ०.१ मायक्रॉन. गंमत म्हणजे ती कुणी दळत नाही, फेरोसिलिकॉनच्या (लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या) भट्टीच्या धुरातून गोळा करतात.

‘निम्मं सिमेंट’ स्लॅगच्या बाबतीत शक्य आहे, पण थंडीत साचे उशिरा काढायची तयारी हवी. कधी हा संथपणाच हवा असतो: अमेरिकेतल्या, १९५३ साली पूर्ण झालेल्या हंग्री हॉर्स धरणात फ्लाय अ‍ॅश वापरली, कारण त्या अजस्र काँक्रीटमध्ये उष्णता कमी तयार व्हायला हवी होती.

‘पाणी नको’ हे सगळ्यात घातक. साध्या ओल्या काँक्रीटमधलं थोडं पाणी वर येऊन पृष्ठभाग ओला ठेवतं; सिलिका फ्यूमच्या काँक्रीटमध्ये ते जवळजवळ येतच नाही. उन्हावाऱ्यात स्लॅबवर फिनिशिंग संपायच्या आत केसासारख्या भेगा दिसू लागतात. राखेचं काम तर महिनोन्‌महिने चालतं, म्हणून साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारत असाल, तर इथे त्याहून जास्त दिवस मारावं लागतं.