पहिल्या सोलो राइडचे ‘सहा नियम’ आणि माझी उत्तरं

“आत्या, हे सगळं खरं आहे का गं?” असं विचारत भाचीने मला एक मेसेज पाठवला. त्याआधी तो मला तीन ग्रुपवर आलाच होता, तुमच्यापैकीही बऱ्याच जणांकडे आला असेल. मथळा असा: ‘पहिली सोलो लाँग राइड? जीव प्यारा असेल तर हे सहा नियम पाळा.’ थोडक्यात सांगते. एक, ३५० सीसीच्या खालची गाडी हायवेला नेऊ नका. दोन, रात्री निघा, रस्ते मोकळे मिळतात. तीन, दिवसाला किमान ५०० किलोमीटर टाका आणि झोप आली तर एनर्जी ड्रिंक घ्या. चार, उन्हात टायर फुटतो म्हणून हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा. पाच, पुढचा ब्रेक वापरू नका, गाडी पलटी होते. सहा, मुलींनी एकटीने जाऊच नये, रस्त्यात कुणी मदतीला येत नाही.

भाची २१ वर्षांची आहे. डिसेंबरात वडिलांच्या १२५ सीसी गाडीवर एकटीने कोकणात जायचं तिने ठरवलंय. मेसेज वाचून माझ्या भावाने सांगून टाकलं, “मोठी गाडी घेऊ तेव्हा जा.” म्हणजे या मेसेजने एका मुलीची सहल जवळजवळ मोडलीच होती. पण त्याहून मला भीती वाटते ती जे हे नियम पाळून निघतील त्यांची.

मी स्वतः डिसेंबर २०१८ मध्ये पहिल्यांदा एकटी निघाले. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, आणि फोंडा घाटाने कोल्हापूरवरून परत. गाडी १२५ सीसीच होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक तरी लांबची फेरी होतेच. त्या अनुभवावरून लिहितेय. मेसेजचा क्रम मात्र बाजूला ठेवते आणि ज्या दोन नियमांनी थेट जीव जाऊ शकतो ते आधी घेते.

‘हवा कमी ठेवा’

हे साफ उलटं आहे. टायर तापतो तो रस्त्याच्या उन्हामुळे थोडा आणि स्वतःच्या दुमडण्यामुळे जास्त. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त बसतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत वाकते आणि पुन्हा सरळ होते. ताशी ६० च्या वेगाला मोटरसायकलचं चाक सेकंदाला साधारण नऊ वेळा फिरतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की हाताला गरम लागते, तसंच हे. ती उष्णता रबराच्या आतल्या थरांत साठते, थर सुटायला लागतात आणि टायर जातो. मागे सामान बांधलेलं असेल तर आणखी लवकर. म्हणजे ज्या फुटण्याच्या भीतीने हवा कमी करायची, ते फुटणंच आपण ओढवून घेतो. शिवाय हवा कमी असलेली गाडी घाटातल्या वळणावर सुस्त होते, हँडल जड लागतं, आणि खड्ड्यात रिम बसते.

उन्हात प्रेशर वाढतं, हे खरं आहे. टायर ३० अंशांवरून ६० अंशांवर गेला तर गेजवर ३० दिसणारं प्रेशर ३४-३५ दिसेल. टायर बनवताना हे धरलेलं असतं. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची आणि दुपारी पंपावर आकडा जास्त दिसला तरी सोडायची नाही. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांवर चेनकव्हरजवळ किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांडीवर, त्याचं स्टिकरही असतं. सामान असेल तर मागच्या चाकाला डबलसीटचा आकडा धरायचा. दोन-अडीचशे रुपयांचं गेज स्वतःचं ठेवा, कारण पंपावरच्या गेजांचा भरवसा नाही.

‘पुढचा ब्रेक वापरू नका’

हा सल्ला आपल्याकडे मेसेजच्याही आधीपासून घरोघरी दिला जातो. सायकल शिकताना दिला जातो, स्कूटर शिकताना दिला जातो. मलाही माझ्या वडिलांनी दिला होता, काळजीपोटीच.

पण ब्रेक लावला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला पकड राहत नाही, म्हणून नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला की ते चाक लॉक होऊन घसरतं. कोरड्या डांबरावर गाडी थांबवायची दोन-तृतीयांशाहून जास्त ताकद पुढच्या चाकातूनच येते. तो ब्रेक सोडून दिलात तर थांबायला लागणारं अंतर दुप्पट होऊ शकतं. समोर एसटी अचानक थांबली तर तेवढं अंतर मिळत नाही.

कायद्यानेही हेच मानलंय. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस बंधनकारक झालं. एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होत नाही. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही सोबत लागतो. पुढच्या ब्रेकने गाडी उलटत असती तर सरकारने तो आपोआप लागायची सोय करायला लावली असती का? माझ्या भावाची गाडी २०२० ची आहे. त्याचा पुढचा ब्रेक गेली कित्येक वर्षं रोज लागतोय, त्याला ते माहीतच नव्हतं.

भीती येते कुठून ते मला कळतं. घाबरून एकदम मूठ आवळली, हँडल वळलेलं असताना आवळली किंवा खडीवर आवळली, तर पुढचं चाक निसटतं. कोकणात तर जांभ्याची लाल बारीक खडी वळणावर हमखास पसरलेली असते. त्यावर उपाय म्हणजे ब्रेक शिकणं. मोकळ्या मैदानाशेजारच्या सरळ डांबरी रस्त्यावर ताशी ३० च्या वेगाने या, लिंबू पिळतो तशी मूठ आवळा. आधी हलकं धरायचं, मग पिळायचं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. असं पन्नास वेळा करा. मी निघायच्या आधी पंधरा दिवस रोज सकाळी हे करत होते.

याच ब्रेकची खरी परीक्षा झाली ती दाभोळच्या जेटीवर. किनाऱ्याच्या रस्त्याला खाड्या आडव्या येतात आणि गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे जावं लागतं: बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळला ओहोटी होती. उतार उघडा पडला होता आणि त्यावर हिरवं शेवाळ, बोटीच्या लोखंडी फळीवर पाणी. माझ्या पुढे एका मुलाने उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी हळूच आडवी झाली, काही लागलं नाही त्याला. बोटीवरचा माणूस मला ओरडून म्हणाला, “ताई, पहिल्या गिअरमध्ये येऊ द्या, क्लच दाबू नका!” मी तशीच इंजिनाच्या ओढीवर उतरले, मागचा ब्रेक नुसता स्पर्शाला. वर आल्यावर त्याने गाडी साइड स्टँडवर घेऊन गिअरमध्येच बंद करायला लावली, म्हणजे बोट हलली तरी गाडी सरकत नाही. पुढचा ब्रेक कुठे वापरायचा नाही हे कळायला आधी तो वापरता आला पाहिजे.

‘रात्री निघा’

रस्ता मोकळा असतो, हे कबूल. पण ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, पुढे थांबायला आणखी ३५-४०. म्हणजे सत्तरेक मीटर. माझ्या गाडीचा डीपर धड पन्नास मीटरही उजेड देत नव्हता आणि समोरून सतत गाड्या येत असताना अप्पर मारता येत नाही. म्हणजे जे दिसेल ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि असतं काय रस्त्यात? डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. कारवाल्याला निदान चार चाकं आणि पत्रा असतो. मोकळ्या रस्त्याच्या लोभाने पहिल्याच फेरीला कुणी रात्री निघू नये, असं मी अगदी हात जोडून सांगते. पहाटे उजाडता निघायचं आणि दिवस मावळायच्या आधी मुक्कामाला पोचायचं.

‘रोज ५०० किलोमीटर’

यात माझी स्वतःची चूक सांगते. जाताना मी रोज दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच करत होते आणि छान चाललं होतं. परत येताना मात्र वाटलं, आता सवय झालीय, मालवण ते पुणे एका दिवसात करू. पावणेचारशेच्या वर अंतर. सकाळी सहाला निघाले, फोंडा घाट चढले, कोल्हापूरला जेवले, भरपूर जेवले. साताऱ्याच्या पुढे साडेतीनच्या सुमाराला खंबाटकीच्या बोगद्यात शिरले, अंगावर एकदम अंधार आणि गारवा आला आणि मी दचकले. बोगद्याच्या अलीकडे वेळे गाव लागतं. ते कधी आलं, कधी गेलं, मला काही आठवेना. सुरूर फाटा आठवत होता, मधलं सगळं कोरं. डोळे उघडे होते बहुतेक, पण मी जागी नव्हते.

बोगद्यानंतर तेव्हा एसच्या आकाराचं कुप्रसिद्ध वळण होतं. ते मी ताशी तीसने उतरले, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ एका ढाब्यावर गाडी लावली आणि मालकाला विचारून बाहेरच्या बाजेवर वीस मिनिटं झोपले. मग चहा घेऊन निघाले.

झोपेवर झोप हाच उपाय आहे. कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात ताशी ६० ने तुम्ही ३० किलोमीटर पुढे गेलेले असता. त्याने झोप थोडी लांबते, फिटत नाही. दुपारी दोन ते चार आणि रात्री दोन ते सहा या वेळांत शरीर आपसूकच मंदावतं, त्यात तुमच्या मनाच्या खंबीरपणाचा संबंध नाही. शिवाय वारा घाम लगेच वाळवतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळत नाही. आधी डोकं दुखतं, मग निर्णय चुकायला लागतात. पहिल्या फेरीला दोनशे किलोमीटर भरपूर झाले. दर तासा-दीड तासाला उतरायचं, तहान नसली तरी पाणी प्यायचं.

‘३५० सीसीच्या खाली नको’

हे लवकर संपवते. १२५ सीसीची गाडी ११५-१२५ किलोची असते, ३५० ची बुलेट १९० च्या वर. एकटी असताना उतारावर गाडी आडवी झाली तर कोणती उचलता येईल? छोटी गाडी ताशी ५५-६० ला दिवसभर आरामात चालते, लिटरला ५० किलोमीटर सहज देते आणि तिची क्लच वायर, प्लग, ट्यूब गुहागरच्या बाजारातही मिळते. एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला मुळात परवानगीच नाही, मग १२० च्या वेगाची गरज कुठे आहे? मोठ्या गाडीची हौस असेल तर जरूर घ्या. पण ती नाही म्हणून कुणी घरी बसू नये. पैसे असतील तर आधी आयएसआयचं, हनुवटी झाकणारं, डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट घ्या.

‘मुलींनी एकटीने जाऊ नये’

धोपावे सोडलं, गुहागर गाठायचं होतं, आणि मधल्या चढावर माझी क्लच वायर तुटली. लिव्हर एकदम मोकळा झाला, हाताला काही लागेचना. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटांत एक आजोबा सायकल हातात धरून चढ चढत आले. त्यांनी काही विचारलं नाही, आधी गाडी सावलीत घ्यायला लावली. मग शेजारच्या वाडीतून एका पोराला हाक मारली, तो गुहागरला जाऊन वायर घेऊन आला. तोवर त्यांच्या घरच्या काकूंनी पाणी आणि गुळाचा खडा दिला, आणि आईला फोन करायला लावला. वायरचे पैसे सोडून त्या पोराने एक रुपया घेतला नाही. चार किलोमीटरवरच्या मेकॅनिकनेही येऊन ती बसवून दिली.

सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. बायकांना रस्त्यावर येणारे वाईट अनुभव मला चांगले माहीत आहेत, त्यातले काही माझेही आहेत, शहरातले, घरापासून दोन किलोमीटरवरचे. पण ‘कुणी मदतीला येत नाही’ हे सरसकट विधान खोटं आहे, आणि त्यामुळे मदत करणाराही बिचकतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. हे फॉरवर्ड करा, खरंच उपयोग होईल.

सावधगिरी हवीच, आणि ती मुलालाही तेवढीच हवी. घरच्या एका माणसाकडे लाइव्ह लोकेशन, मुक्काम आधी फोनवर ठरवलेला, जॅकेटच्या खिशात रक्तगट आणि दोन नंबर लिहिलेला कागद, कारण फोन लॉक असतो. ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर पाठ. आणि नवी क्लच वायर जुन्या वायरीच्या शेजारीच टायपट्टीने बांधून ठेवलेली, म्हणजे तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. हे मला त्या मेकॅनिकने शिकवलं.

भावाशी मी दोन तास बोलले. तो पूर्ण राजी झालाय असं नाही, पण रविवारी गाडी घेऊन स्वतःच माझ्याकडे आला. भाचीने अंगणात बसून क्लच वायर दोनदा काढली आणि बसवली, दहाचा पाना आणि पक्कड घेऊन. पहिल्यांदा पाऊण तास लागला, दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटं. तिचा बाप शेजारी टॉर्च धरून उभा होता.