मला वाटलं, तुला माहीत असेल

सकाळी पाहिलं तर आमच्या छोट्या ट्रॅक्टरचं मागचं डावं चाक बसलेलं. थकलेला बैल बसतो तसंच. रिमखाली टायरच्या वळ्या पडलेल्या, आणि उठायचं काही लक्षण नाही. वाकून पाहिलं तर चाकाच्या वरच्या अंगाला, दोन कंगोऱ्यांच्या मधोमध बाभळीचा काटा. धरला, उपटला आणि 'सापडला चोर' म्हणून कुंपणापलीकडे भिरकावून दिला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून हे सगळं बघत होते. काटा पलीकडे पडल्यावर म्हणाले, "काटा काढायच्या आधी तिथं खडूनं खूण करायची असते. आता शोध भोक."

"मग आधी सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

पंक्चर घरीच काढायचं हे मी जाहीर करून बसलो होतो. मोटारसायकलची दोन पंक्चरं मी आजवर काढली आहेत, आणि त्यातलं एक तर टिकलंसुद्धा. त्या जोरावर मी जॅक लावला. चाक अधांतरी झाल्यावर पाना घालून नट पिळायला गेलो, तर नटासोबत अख्खं चाकच फिरायला लागलं. हँडब्रेक ओढायचा राहिला होता. पुढच्या चाकांना दगड मात्र मी अगदी आठवणीनं लावले होते. पाना दाबला की चाक फिरे, चाक फिरलं की पाना निसटे, आणि तेवढ्यात जॅक मऊ मातीत चार बोटं रुतला.

"नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करतात," ओट्यावरून आवाज आला. "आणि जॅकखाली फळी लागते."

चाक खाली उतरवलं. हँडब्रेक ओढला. पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, तेव्हा एकेक नट कुरकुरत ढिला झाला. आता उरलीसुरली हवा सोडून टाकावी म्हणून व्हॉल्व्हची पिन काढायला बसलो. मघाच्या फिराफिरीत व्हॉल्व्ह नेमका खाली आला होता, म्हणून उकिडवा बसून, मान तिरकी करून, तोंड अगदी जवळ नेलं. कोणत्या चाकात काय असतं हे त्या क्षणी माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

मागच्या चाकात पाणी असतं. चाकाला वजन यावं आणि ढेकळांत ते जागच्या जागी गरगरू नये, म्हणून ट्यूबमध्ये साधारण तीन चतुर्थांश पाणी भरतात आणि उरलेल्या जागेत हवा. आमच्या चाकात ते मीच भरलं होतं, स्वतःच्या हातानं, मागच्या हंगामात. काटा वरच्या अंगाला असल्यामुळे गेली ती नुसती हवा. पाणी सगळं आत माझी वाट बघत होतं, आणि वरून ट्रॅक्टरचा भार. शेवटचा आटा सुटला तशी पिन गोळीसारखी गेली आणि मागोमाग काळपट, रबराच्या वासाची धार थेट तोंडावर. मी ओरडलो, आणि तोंड उघडल्यामुळे थोडी आतही गेली. सदऱ्याच्या बाहीतून शिरलेलं पाणी दुसऱ्या बाहीतून बाहेर कसं आलं, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

"व्हॉल्व्ह वर आणून आधी हवा सोडायची," अण्णा म्हणाले. "मग खाली आणायचा, आणि बाजूला बसायचं."

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

नखाएवढी पिन चिखलात शोधण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर टायरची कड रिमवरून सोडवायची. ती तिथं चिकटून बसलेली असते, आणि टॉमीवर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीवर, लोंबकळलं तरी हलत नाही. यातली खुबी अशी की समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायानं दाबून धरली, तरच इकडची बाहेर येते. हे मला माझं मलाच कळलं, पण तोवर टॉमीनं ट्यूबला दात लावून झाला होता.

हवेचं टायर प्रत्यक्ष वापरात आणणारे जॉन बॉइड डनलप हे जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीला हिसके बसू नयेत म्हणून त्यांनी ते बनवलं आणि 1888 साली पेटंट घेतलं. ट्रॅक्टर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं लोखंडी चाकांवरच धडधडत होते, हवेची चाकं त्यांना 1930 च्या दशकात मिळाली. बसणाऱ्याचं अंग खिळखिळं व्हायचं म्हणे. होईना का, पण लोखंडात काटा कधी शिरला नाही.

ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, तो काटा. दुसऱ्या जागी भदाभदा बुडबुडे आले, तो मी. दोन्ही जागा पॉलिश पेपरनं घासल्या, सोल्युशन लावलं आणि लगेच पॅच दाबला. तो माझ्या अंगठ्याबरोबर निघून आला. सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं असतं, ओलं असताना पॅच धरत नाही. दुसऱ्या खेपेला मी मांडीवर हात ठेवून बसून राहिलो. दिवसभरातलं तेवढंच काम मला नीट जमलं.

टायरच्या आतून चिंधी फिरवली तर ती एका जागी अडकली. काट्याचं टोक मोडून आतच राहिलं होतं, सकाळी भिरकावला तो नुसता बुंधा. ते पकडीनं ओढून काढण्यासाठी टायर रिममधून पुरताच उतरवला, उलटापालटा केला, मग पुन्हा चढवला. चाक बसवलं, नट समोरासमोरचे आवळले, व्हॉल्व्ह वर आणून पाणी भरलं, हवा भरली. चाक हळूहळू उभं राहिलं. मीही, कमरेला हात लावून.

सूर्य मावळतीला आला होता. अण्णा दिवसभरात पहिल्यांदाच ओट्यावरून उतरले, ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करत राहिले.

"इकडं येऊन बघ."

मी गेलो. उजव्या चाकावरच्या कंगोऱ्यांची टोकं वर होती. डाव्या चाकावरची खाली.

"एक चाक शेतात चाललंय," अण्णा म्हणाले, "आणि एक घरी."

टायरच्या कुशीवर फिरायच्या दिशेचा चांगला ठसठशीत बाण होता. तो मागच्या बाजूला बघत होता.

"तुम्हाला हे कधी दिसलं?"

"तू टायर चढवत होतास तेव्हाच."

"आणि पाणी भरेपर्यंत गप्प बसलात?"

"मला वाटलं..."

"राहू द्या," असं म्हणून मी जॅक आणायला वळलो.

"आधी नट ढिले कर रे," मागून आवाज आला.

दिवसभरात तेवढी एकच गोष्ट त्यांनी आधी सांगितली, आणि नेमकी तीच मला माहीत होती.